एक पायरी सोडून

धाकटीनं पन्नाशी ओलांडली, केस पांढरे झाले, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती धाकटीच राहिली. घरात एकदा नाव पडलं की पडलं. लाँड्रीत मात्र तिला सगळे डागवाली म्हणायचे, कारण ती डाग काढायची, आणि दुसरं काही करायला लावलं की तिचं तोंड दिवसभर फुगलेलं असायचं. मालकानं एकदा हौसेनं तिला काउंटरवर बसवून पाहिलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं कोट पुढे केला आणि म्हणालं, "ऑफिसात कॉफी सांडली हो." धाकटीनं कोट उलटसुलट केला, हुंगला आणि म्हणाली, "ही कॉफी नाही, दारू आहे. आणि हे इथं कॉलरला लिपस्टिक आहे, त्याचा वेगळा आकार पडेल." गिऱ्हाईक बायकोला घेऊन आलं होतं. त्यानंतर मालकानं तिची रवानगी मागच्या खोलीत केली ती कायमची, आणि दोघंही सुखी झाले.

मागच्या खोलीत सुख होतं खरं, पण तिथं एक नवीन इस्त्रीचं मशीन आलं आणि त्यानं घात केला. मेलं सारखं ट्यां ट्यां करायचं. इतरांना ते ऐकूही यायचं नाही, पण हिच्या दातात कळ जायची. मग ही दुपारची टांगलेल्या ओव्हरकोटांच्या आत शिरून उभी राहायला लागली. एकदा मालकानं कोट काढायला हात घातला आणि आतून "मी आहे" असा आवाज आला. मालक चांगला माणूस, पण रक्तदाबाचा. त्यानं हात जोडून सांगितलं, बाई, एकदा कुठल्यातरी डॉक्टरला भेटून या.

डॉक्टरनं विचारलं, "तुम्हाला गर्दीचा त्रास होतो का?" धाकटीनं विचारलं, "कसली गर्दी? रांगेतली का पार्टीतली? रांग चालते मला. रांगेला नियम असतो." डॉक्टर हसले, लिहीत गेले, आणखी दोन-तीनदा बोलावलं, आणि शेवटी म्हणाले, तुम्हाला ऑटिझम आहे. लहानपणापासून आहे. आजार नव्हे, घडणच तशी.

दुसरं कोणी असतं तर रडलं असतं. धाकटी घरी जाऊन पोटभर जेवली आणि दुपारी झोपली. लोकरीच्या कपड्यावर सुतीचं लेबल लावावं, जन्मभर त्याला उकळत्या पाण्यात बुचकळावं आणि वर विचारावं, हा आटला कसा! तिचं तसं झालं होतं. आता निदान लेबल तरी बरोबर लागलं. हे कोणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगण्यासारखं माणूस तिला एकच होतं. तिनं ताईला फोन लावला.

इथं ताईबद्दल सांगायला हवं. ताई म्हणजे बोलण्याचा धबधबा. भाजीवाल्यापासून मंत्र्यापर्यंत कोणाशीही तिचं दोन मिनिटांत जमायचं. आणि तिच्या पदरात देवानं दिली होती भुंगी. भुंगी तिची एकुलती एक लेक, आता विशीतली, ताईपेक्षा वीतभर उंच. बोलायची नाही. एक शब्द नाही, कधीच नाही. दिवसभर एका सुरात गुणगुणायची, म्हणून नाव भुंगी. तिच्या ऑटिझमचं निदान फार लहानपणी झालं होतं, आणि नवरा गेल्यापासून ताईनं तिला एकटीनं वाढवलं होतं. आंघोळ, जेवण, रात्रीची जागरणं, शेजाऱ्यांची बोलणी, सगळं.

तर अशा ताईला धाकटीनं फोनवर आनंदानं सांगितलं, "ताई, मला पण भुंगीचंच आहे!"

पलीकडे धबधबा थांबला. मग ताई म्हणाली, "काय म्हणालीस? तू स्वयंपाक करतेस, नोकरी करतेस, एकटी राहतेस. माझ्या पोरीला केसात कंगवा घालता येत नाही. तिला जे झालंय ते काय शाईचा डाग आहे का गं, कोणालाही लागायला? आमची फरफट काय असते माहीत आहे का तुला? म्हणे, मला पण!" आणि फोन आपटला.

धाकटीला हे फार लागलं. पण तिचं लागणं कोणाला दिसायचं नाही, चेहऱ्यावर काही उमटायचंच नाही. तिनं त्या दिवशी लाँड्रीत बसून एका टेबलक्लॉथचा डाग इतका घासला की टेबलक्लॉथला भोक पडलं.

एरवी हे भांडण असंच कुजत राहिलं असतं, पण ताईच्या कमरेनं निकड लावली. कमरेचं ऑपरेशन तिनं कितीदा पुढे ढकललं होतं. आता डॉक्टरनं सांगितलं, केलं नाहीत तर चालणं विसरा. ऑपरेशन आणि नंतरची विश्रांती धरून दीडेक महिना. तेवढे दिवस भुंगी कुठे? गावाबाहेर एक संस्था होती. तिथं मागे चार दिवस ठेवून पाहिलं होतं, तर पोरगी जेवलीच नाही. संस्थेचे लोक म्हणाले, घाबरू नका, या खेपेला गुंगीचं औषध देऊ, पडून राहील शांत. ताईनं हे धाकटीला सांगितलं तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"गुंगीचं कशाला?" धाकटी म्हणाली. "माझ्याकडे ठेव."

"तुझ्याकडे?" ताई म्हणाली. "तू वाचत बसलीस की गॅसवरचं दूध उतू जाऊन शेगडी विझते, तुला पत्ता नसतो. दारावरची बेल वाजली तर तू पलंगाखाली जातेस. माझी पोर म्हणजे काय कोट आहे का, टांगून ठेवायला?"

यातलं खोटं काहीच नव्हतं. मग धाकटीला आठवलं, की डॉक्टरांनी तिला एका गटाबद्दल सांगितलं होतं. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांचा गट, नवाच, पहिली सभा येत्या शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये. नातेवाइकांनीही यावं. ती म्हणाली, "तू भुंगीला घेऊन ये. बघ आम्ही कसे असतो. मग ठरव. संस्थेला सोमवारी कळवायचं आहे ना?"

ताईनं सुस्कारा सोडला. "चल, बघू तरी तुमची जमात. पण सांगून ठेवते, मला पटलं नाही तर सोमवारी संस्था. परत विषय नाही."

शनिवारी धाकटी वाचनालयात फारच लवकर पोचली. नवी जागा आधी रिकामी बघून घ्यायची, ही तिची जुनी सवय. माणसं भरली की जागा दिसत नाही. हॉलमध्ये कोणी नव्हतं, सभा घेणाऱ्या बाई चहा आणायला गेल्या होत्या. धाकटीनं दारातून डोकावलं आणि ती दारातच थबकली. खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. गोलात! म्हणजे जिकडे बघावं तिकडे चेहरा. डोक्यावर एक ट्यूबलाइट फडफडत होती आणि वर किरकिरत होती. टेबलावर छातीला चिकटवायचे नावाचे कागद होते, आणि फळ्यावर बाईंनी रंगीत खडूनं लिहिलं होतं, 'चेंडू झेला आणि सांगा : तुम्ही फळ असता तर कोणतं असता?'

धाकटी पाच मिनिटं त्या प्रश्नासमोर उभी राहिली. तिला खरोखर उत्तर शोधावंसं वाटलं आणि सापडेना. मग हॉलच्या मागचं जड दार तिला दिसलं. ते उघडून ती पलीकडे गेली. मागचा जिना होता, कोणी न वापरणारा. गार, अंधुक, दगडी. भिंतीत एक लहानशी खिडकी, रस्त्याकडची. वा, तिला वाटलं, इथं बसू. सभा सुरू झाली, माणसं जागेवर बसली, की हळूच आत जाऊ.

जिन्यात आधीच एक माणूस बसला होता. खाकी कपडे, बस ड्रायव्हर असावा. धाकटीला वाटलं, याची सुट्टी चालली असेल. ती त्याच्या वरची एक पायरी सोडून, भिंतीला टेकून, पाठ करून बसली. त्यानं मान वळवली नाही. तिला तो माणूस आवडला.

थोड्या वेळानं दार पुन्हा उघडलं आणि एक बाई आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, कानावर मोठाले हेडफोन. त्या धाकटीच्या वर एक पायरी सोडून बसल्या. मग एक तरुण आला, डोळ्यांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी, गळ्यात मोबाइल. त्यानं जिना वरपासून खालपर्यंत नीट पाहिला आणि ड्रायव्हरच्या खाली एक पायरी सोडून बसला. झालं. चार माणसं, सगळ्यांच्या पाठी एकमेकांकडे, आणि इतकी शांतता की खिडकीबाहेरचं कबूतर खाकरलं तरी ऐकू यावं.

आता तुमच्या-माझ्यासारख्याला लगेच कळलं असतं की ही सगळी मंडळी त्याच सभेला आली आहेत, तोच गोल बघून पळाली आहेत, आणि सभा सुरू होण्याची वाट बघत बसली आहेत. पण नाही! प्रत्येकाला वाटत होतं, सभेचा आपण एकटाच, बाकीचे जिन्यात बसणारे लोक. बऱ्याच वेळानं ड्रायव्हरनं भिंतीला विचारावं तसं विचारलं, "तुम्ही पण वाट बघताय?"

"हो," धाकटी म्हणाली.

"बरं," ड्रायव्हर म्हणाला. संभाषण संपलं. दोघांनाही ते उत्तम झाल्यासारखं वाटलं.

तिकडे हॉलमध्ये काय चाललं होतं ते धाकटीला नंतर कळलं. बाई थर्मास घेऊन आल्या आणि रिकाम्या गोलात बसून राहिल्या. मग ताई आली, भुंगीला घेऊन. सभेची वेळ झाली, टळली, कुत्रं फिरकलं नाही. ताई म्हणाली, "बघा, माझी बहीणसुद्धा आली नाही. आणि ही माझी पोर सांभाळणार!" बाईंनी सहानुभूतीनं मान हलवली, आणि इतक्या वर्षांत सहानुभूतीनं मान हलवणारं कोणी भेटलं नव्हतं म्हणून ताई जी सुरू झाली ती सुरूच झाली. बाईंनी मधेच प्रसंग हलका करावा म्हणून भुंगीच्या दिशेनं मऊ चेंडू टाकला. चेंडू तिच्या गुडघ्याला लागून घरंगळत गेला. ताई बोलत राहिली. जरा वेळानं तिनं मान वळवली तर खुर्ची रिकामी.

भुंगी जिन्यात आली होती. जड दार ढकलून, एका सुरात गुणगुणत. दाराशी उभी राहून तिनं त्या चार पाठींकडे पाहिलं. धाकटीनं वर पाहिलं, भाची दिसली, बरं वाटलं, आणि ती पुन्हा भिंतीकडे बघायला लागली. कोणी "अगं बाई" केलं नाही. कोणी "ये बाळा" म्हणालं नाही. दार मागे धाडकन आपटणार होतं, ते हेडफोनवाल्या बाईंनी न बघताच हात लांब करून धरलं आणि अलगद लोटलं. भुंगी त्यांच्या वर एक पायरी सोडून बसली. मग तिनं पायातले बूट काढले, मोजे काढले, आणि गार दगडावर तळवे टेकून पुन्हा सूर लावला.

जिन्यात तो सूर छान घुमत होता.

"आमच्या जुन्या बसचं इंजिन," ड्रायव्हर एकाएकी म्हणाला. आवाजात माया होती. "उभ्या गाडीत असंच वाजायचं. नव्या गाड्यांना ते सुख नाही."

हेडफोनवाल्या बाईंनी एक कान मोकळा केला. "इंजिन नाही. हा कॉम्प्रेसर आहे. मी दातांची डॉक्टर आहे, माझ्या दवाखान्यात रोज ऐकते. पेशंट नसला तरी चालू ठेवते मी."

"कॉम्प्रेसर याच्या वरचा लागतो," ड्रायव्हर म्हणाला.

"माझा नाही लागत."

"लावून दाखवा."

दातांच्या डॉक्टरांनी घसा साफ केला आणि गंभीरपणे कॉम्प्रेसर लावून दाखवला. ड्रायव्हरनं इंजिन लावलं. धाकटीला राहवेना, तिनं वाफेच्या इस्त्रीची टाकी लावली, ती दोघांच्या मधली निघाली. टोपीवाल्या तरुणानं मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि मोबाइल यंत्राच्या आवाजात बोलला, "फ्रीज. माझ्या घरचा फ्रीज." आणि त्यानं मोबाइल ठेवून, तोंड मिटून, फ्रीज लावला. भुंगी क्षणभर गप्प झाली. मग तिनं मान तिरकी केली, चारही सूर ऐकले, आणि आपला सूर सरळ मधोमध नेऊन ठेवला. धाकटीला इतका आनंद झाला की तिचे हात आपोआप हवेत फडफडायला लागले. ही तिची लहानपणची सवय. आईनं मारून मारून मोडली होती.

नेमक्या याच वेळी खिडकीतून हाका ऐकू यायला लागल्या. "भुंगेऽऽ! अगं भुंगेऽऽ!" ताईचा आवाज. आधी जवळून, मग लांबून, मग पुन्हा जवळून. धाकटीनं तो ऐकला. ताईचा आहे हे ओळखलंही. आणि ती गुणगुणत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. जड दार उघडलं आणि दारात ताई उभी होती. केस विसकटलेले, एक हात कमरेवर, तोंड पांढरंफटक, मागे सभेच्या बाई चेंडू छातीशी धरून. समोर जिन्यात पाच माणसं पाठमोरी बसून कारखाना चालवत होती.

कारखाना बंद पडला.

"इथं आहे?" ताई म्हणाली. "ही इथं आहे? आणि मी रस्ताभर बोंबलत फिरतेय! पाण्याच्या टाकीत डोकावून आले मी! धाकटे, तुला माझा आवाज ऐकू आला नाही?"

"आला," धाकटी म्हणाली.

"मग ओ का नाही दिलीस?"

"तू तिला हाका मारत होतीस. मला नाही."

आता या उत्तरावर काय बोलणार, कप्पाळ? ताईनं दाराची चौकट धरली. "हे बघ. हेच म्हणत होते मी. हेच! पोर हरवली म्हणून मी मरायला टेकलेय आणि ही खुशाल बसलीय. उद्या हिच्याकडे ठेवली आणि पोर रस्त्यावर गेली तर? ही म्हणेल, गाडीनं तिला हॉर्न दिला, मला नाही. संपलं. मी संस्थेला हो सांगते. ऊठ भुंगी."

आपण चुकलो हे धाकटीला आत्ता कळलं, आणि कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिला म्हणायचं होतं, ताई, मला वाटलं तुला माहीत आहे, ती माझ्याजवळ आहे म्हणजे ती हरवलेली नाही, हे जगात सगळ्यांनाच दिसत असेल असं मला वाटलं. पण अशा वेळी तिचे शब्द तळाशी जाऊन बसायचे.

"चूक तुमचीच आहे," दातांच्या डॉक्टर धाकटीला म्हणाल्या. आपल्या माणसाची बाजू घ्यावी वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. "आईला सांगायला हवं होतं. यांची भीती बरोबर आहे."

"हो," धाकटी म्हणाली.

"पण तुम्हाला हा नियम कोणी सांगितला होता का? हरवलेल्याला हाक मारली की सापडलेल्यानं ओ द्यायची?"

"नाही."

"मलाही नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मी पण ऐकल्या हाका. म्हटलं, बाईंचा भुंगा हरवला असेल."

"आता कळला ना नियम?" डॉक्टरांनी विचारलं. "मग झालं." आणि ताईकडे वळून, तिच्या चेहऱ्याऐवजी तिच्या पर्सकडे बघत म्हणाल्या, "आम्हाला नियम माहीत नसतात तेव्हा आम्ही काहीही करतो. एकदा माहीत झाला की मात्र मरेपर्यंत पाळतो. लोक उलटं करतात."

"ताई," धाकटीला शेवटी शब्द सापडले. "तू सांग. काय कळवायचं, कधी कळवायचं. मी तेवढं सगळं कळवीन. अंदाज मला येत नाही. पण सांगितलेलं मी विसरत नाही. तुला माहीत आहे."

ताईला माहीत होतं. तिला बोलायचंही होतं काहीतरी, चांगलं खमंग. पण भुंगीला उठवायला ती पुढे वाकली आणि तिची नजर खाली गेली.

"बूट कुठे आहेत हिचे?" ती म्हणाली.

"काढले तिनं," धाकटी म्हणाली. "दगड गार आहे."

"हिनं काढले? स्वतः?" ताई तिथंच, त्या पायरीवर, कंबर सांभाळत बसली. "संस्थेत हिनं चार दिवस बूट काढले नव्हते. झोपतानासुद्धा. जबरदस्तीनं काढायला गेले तर चावली त्यांना. घरी आणली तेव्हा पायाला फोड आले होते." आणि ताई रडायला लागली. रडतानाही ती बोलायची त्याच जोरानं रडायची.

आता दुसऱ्या कुठल्या सभेत चार जणी धावल्या असत्या, पाणी आणलं असतं, पाठीवरून हात फिरवला असता. इथं कोणी हललं नाही. ड्रायव्हर खिडकीबाहेर बघायला लागला, डॉक्टर भिंतीकडे. टोपीवाल्यानं टाइप केलं आणि मोबाइल खणखणीत आवाजात म्हणाला, "सावकाश रडा. आम्ही बघत नाही आहोत."

ताईला रडता रडता हसू फुटलं. नाक पुसत ती म्हणाली, "काय माणसं आहात रे तुम्ही!" मग जरा लाजून तिनं विचारलं, "तुम्हाला एक विचारू? रोज संध्याकाळी ही कपाटाला धडका देते. रोज. इतकी वर्षं मी विचारतेय सगळ्यांना. का देत असेल?"

"लाइट लावता ना तेव्हा?" डॉक्टर म्हणाल्या. "लाइटचा आवाज होतो."

"छे, लाइट नाही," ड्रायव्हर म्हणाला. "दिवसभराचं साचतं. मी डेपोत गाडी लावली की स्टिअरिंगवर कपाळ टेकून दाबतो. बरं वाटतं."

"कपड्याची शिवण असेल," धाकटी म्हणाली. "खांद्यावरची. संध्याकाळपर्यंत ती टोचायला लागते."

"कपाटाचा आवाज आवडत असेल," मोबाइल म्हणाला. "लाकडी आहे का? लाकडी छान वाजतं."

"लाइटच," डॉक्टर म्हणाल्या.

"अहो, साचतं म्हणतोय ना मी!"

"तुमचं साचतं. तिचं साचतं हे कशावरून?"

भांडण चांगलंच पेटलं. सभेच्या बाई दारात हरखून उभ्या होत्या, आणि त्यांनी धीर करून विचारलं, "मग आता आत बसून सभा सुरू करू या का?" त्यावर ड्रायव्हर चमकून म्हणाला, "सभा? तुम्ही सगळे सभेला आला आहात?" सगळ्यांनी पहिल्यांदाच एकमेकांकडे मान वळवून पाहिलं, आणि घाईघाईनं परत फिरवली.

ताई मात्र एकेकाचं तोंड बघत होती. कोणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण एकानंही विचारलं नव्हतं की धडका देणं बंद कसं करायचं. प्रत्येकजण आपलंच कपाट आठवत होता. आणि त्यात तिची बहीणही होती, हिरिरीनं शिवणीबद्दल भांडत, हात हवेत फडफडवत, तसेच, भुंगी फडफडवायची अगदी तसेच.

तेवढ्यात भुंगी उठली. भांडणाचा आवाज चढला होता आणि तिला तो नको होता हे उघड दिसत होतं. ती अनवाणीच आईपाशी आली, आईची पर्स उचलली आणि आईच्या खांद्याला अडकवली. आईला दंडाला धरून उभी केली. दाराकडे तोंड करून वळवली. आणि दोन्ही तळवे पाठीवर ठेवून तिला ढकललं. घरी पाहुणे फार वेळ बसले की ती त्यांना ढकलायची तसंच.

"अगं," ताई म्हणाली, "मी आई आहे तुझी!"

भुंगीनं आणखी एकदा ढकललं, या खेपेला हळू. ताई उंबऱ्याच्या पलीकडे गेली. भुंगी परत आपल्या पायरीवर जाऊन बसली आणि सूर लावला. मागून एकेक करून इंजिन, कॉम्प्रेसर आणि फ्रीज सुरू झाले.

धाकटी ताईच्या मागे हॉलमध्ये गेली. ताई त्या फडफडत्या ट्यूबलाइटखाली पर्स खांद्याला लावून उभी होती. हात मोकळे होते, आणि त्या हातांचं काय करावं हे तिला सुचत नव्हतं.

"हाकललं मला," ताई म्हणाली. "माझ्या पोरीनं. कधी मला सोडत नव्हती."

धाकटीला माहीत होतं, इथं काहीतरी धीराचं बोलायचं असतं. तिनं शोधलं, सापडलं नाही, म्हणून जे खरं होतं तेच म्हणाली. "ताई, मला भीती वाटते. दूध उतू जाईल. बेल वाजली तर मी घाबरेन. पण तिला माझी भीती वाटत नाही. आणि मला तिची वाटत नाही. तू जा, कंबर नीट करून घे आणि चालती हो परत."

ताईनं पर्समधून फोन काढला आणि तिथंच उभ्या उभ्या संस्थेला लावला. सोमवारपर्यंत थांबायचं ताईच्या स्वभावातच नव्हतं. आवाज असा, की फोनची गरज काय, असं कोणालाही वाटावं.

"हॅलो? हो, मीच. अहो, जागा नको आम्हाला. नाही नाही, दुसऱ्या संस्थेत नाही, माझ्या बहिणीकडे ठेवतेय. काय?" ताई ऐकत होती. पलीकडचा माणूस बराच बोलत असावा, कारण तिच्या कपाळावर आठी पडली. "अनुभव? कसला अनुभव? हो हो, ऐकलं मी, अशा मुलांना सांभाळायला नॉर्मल माणूस लागतो म्हणताय. नाही, ती नाही नॉर्मल. तीही भुंगीसारखीच आहे."

ताईनं धाकटीकडे पाहिलं.

"अहो, म्हणून तर," ती म्हणाली आणि फोन ठेवला.